काळजाची काळजी

आपल्या शरीरातले बहुतेक अवयव मोठे मुखदुर्बळ असतात. यकृत, प्लीहा, मूत्रपिंडे ही मंडळी जन्मभर मुकाट्याने राबतात आणि आपण त्यांची साधी वास्तपुस्तही करीत नाही. हृदयाचा स्वभाव निराळा. ते बोलके आहे. जिना चढला की ते बोलते, अवेळी दाराची घंटा वाजली की बोलते आणि रात्री डाव्या कुशीवर निजावे तर उशीतूनही त्याचा आवाज ऐकू येतो. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाकाठी त्याचे १,०३,६८० ठोके होतात. एवढी बडबड करणाऱ्या गड्याकडे अष्टौप्रहर कान लावून बसायचे ठरवले, तर त्याच्या बोलण्यात काही ना काही वावगे सापडणारच!

असा कान लावून बसणारी माणसे आज पुष्कळ घरांत आहेत. त्यांना हृदयविकार नसतो. डॉक्टरांनी तसे नीट तपासून सांगितलेले असते. तरीही दिवसातून वीस वेळा त्यांची बोटे मनगटाकडे जातात आणि छातीत बारीकशी कळ आली की तोंडचे पाणी पळते. मी स्वतः जवळजवळ तीन वर्षे या मंडळींत होते, म्हणूनच हा विषय फराळाच्या ताटाशेजारी ठेवण्याचे धाडस करीत आहे.

माझ्या थोरल्या भावाला ४७ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि दोन तासांत तो गेला. त्यानंतर सात-आठ महिन्यांनी एका रात्री मला दचकून जाग आली. छाती धडधडत होती, बोटांना मुंग्या आल्या होत्या, श्वास पुरत नव्हता. यजमानांनी तातडीने रुग्णालयात नेले. हृदयाचा आलेख निघाला, रक्त तपासले गेले. पुढे यथावकाश इको, चालत्या पट्ट्यावरची परीक्षा आणि चोवीस तास छातीला लावून ठेवायचे यंत्र, सारे सोपस्कार झाले. प्रत्येक अहवाल स्वच्छ! दर वेळी पेढे वाटावेसे वाटत आणि आठ-दहा दिवसांत तो आनंद विरून जाई. 'त्या दिवशी सारे ठीक होते. पण आजचे काय?' हा प्रश्न पुन्हा डोके वर काढी.

हळूहळू माझे जग आक्रसत गेले. पर्वतीची चढण बंद झाली. नाटकाला गेले तर दाराजवळची खुर्ची हवी. कोकणातल्या घराजवळ मोठा दवाखाना नाही, म्हणून ओळीने दोन वर्षे गणपतीला जाणे झाले नाही. आणि एके दिवशी माझा नऊ वर्षांचा मुलगा शाळेतून आला, दप्तर खाली ठेवले आणि घड्याळाकडे पाहत स्वतःची नाडी मोजू लागला. "आई, माझे चौऱ्याण्णव आहेत गं. चालतात ना?" मामाच्या मृत्यूची धास्ती आता आईकडून भाच्याकडे निघाली होती. त्या संध्याकाळी मी ठरवले, की हे दुखणे मुळापासून समजून घ्यायचे. जे समजले ते पुढे सांगते.

चुकलेला ठोका

आपल्या मराठीत काळजाचे वाक्प्रचार किती तरी आहेत. काळजात धस्स होते, काळजाचे पाणी होते, काळजाचा ठोका चुकतो. भीतीचा मुक्काम कोठे असतो, हे आपल्या आज्या-पणज्यांना कोणताही आलेख न काढता ठाऊक होते. पण ठोका खरोखर चुकतो का?

हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तेथून विजेचा सूक्ष्म संदेश निघतो आणि त्या तालावर सगळे हृदय आकुंचन पावते. कधी कधी दुसऱ्याच एखाद्या जागेवरून असा संदेश सुटतो आणि ठोका वेळेआधी पडतो. त्या वेळी खालचा कप्पा रक्ताने पुरता भरलेला नसतो, म्हणून तो ठोका दुबळा पडतो. मनगटाशी बहुधा जाणवतही नाही. मग हृदय क्षणभर अधिक थांबते. तेवढ्यात कप्पा नेहमीपेक्षा जास्त भरतो आणि पुढचा ठोका दणकून बसतो. आपल्याला वाटते, एक ठोका चुकला. वास्तविक तो लवकर येऊन गेलेला असतो! भजनात एखाद्याने टाळी आधीच वाजवावी आणि मग साऱ्यांनी क्षणभर थांबून पुढची टाळी जोरात द्यावी, तसलाच हा प्रकार.

चोवीस तासांचे यंत्र लावले तर पुष्कळ धडधाकट माणसांच्या नोंदीत असे अवेळी ठोके सापडतात. जागरण, तंबाखू, ताप, चहा-कॉफीचा अतिरेक आणि चिंता यांनी ते वाढतात. रक्त कमी असले किंवा थायरॉइड ग्रंथी बिघडली असली तरीही छाती धडधडते, आणि कधी कधी खऱ्या हृदयविकारातही धडधडते. म्हणून एकदा नीट तपासणी हवीच. पण तपासणीत हृदय निर्दोष ठरल्यावर हा अवेळी ठोका म्हणजे शिंकेसारखी एक गोष्ट आहे. फरक इतकाच, की शिंक आली म्हणून कोणी मृत्युपत्र करायला बसत नाही.

भीती कशी फिरते

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी आहेत. जिवावर बेतल्याची खबर मेंदूकडून आली की त्या रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात. त्याने हृदय वेगाने आणि जोराने चालू लागते, हातापायांच्या स्नायूंना जादा रक्त मिळते, घाम सुटतो, श्वास जलद होतो. समोर वाघ उभा असेल तर ही सारी योजना उत्तम आहे. आपण गादीवर पडलेलो असतो, पळायचे कोठे?

श्वास फार जलद झाल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, डोके हलके वाटते. छातीचे स्नायू आवळून धरल्याने त्यांत टोचल्यासारखे दुखते. ही लक्षणे पाहून मन म्हणते, 'आलाच झटका!' म्हणजे वाघ आला अशी नवी खबर मेंदूला पोचते आणि ग्रंथी आणखी अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात. रहाटगाडगे सुरू झाले! धडधड खरी असते, मुंग्या खऱ्या असतात, दुखणेही खरे असते. म्हणून 'तुला काही होत नाही, सगळे मनाचे खेळ आहेत' असे कोणी म्हटले की अशा माणसाला फार एकटे वाटते. त्याला होत असते. त्याने लावलेला अर्थ तेवढा निराळा असतो.

सैनिकांची छाती

ही भीती केवळ हळव्या माणसांची, असा एक समज आहे. वैद्यकाचा इतिहास वेगळे सांगतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या एका लष्करी रुग्णालयात जेकब दा कोस्टा या डॉक्टरांकडे धडधड, छातीत दुखणे, धाप आणि थकवा अशा तक्रारी घेऊन सैनिक येऊ लागले. हृदयात दोष मात्र सापडेना. सुमारे ३०० सैनिकांच्या नोंदींवरून त्यांनी १८७१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला आणि या दुखण्याला 'इरिटेबल हार्ट', म्हणजे चिडखोर हृदय, असे नाव दिले.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात हीच तक्रार हजारोंनी पुढे आली. तोवर शिरस्ता असा, की छाती धडधडली की सैनिकाला खाटेवर निजवायचे. टॉमस लुइस या हृदयतज्ज्ञाने उलटा मार्ग धरला. त्याने अशा सैनिकांना पायरीपायरीने वाढत जाणारी कवायत दिली आणि १९१८ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. विश्रांतीने जे बरे होत नव्हते त्यांतले पुष्कळजण हालचालीने कामाला लागले. पुढे १९४१ मध्ये पॉल वुड या डॉक्टरांनी लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत सांगितले, की या दुखण्याचे मूळ हृदयात नसून बहुतांशी भीतीत आहे. संगिनी घेऊन शत्रूवर चालून गेलेल्या शिपायांना जे झाले ते एखाद्या गृहिणीला किंवा बँकेतल्या कारकुनाला झाले, तर त्यात लाजण्यासारखे काय आहे?

या इतिहासाचा धागा एका बाईच्या हाती आला, त्या म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या डॉ. क्लेअर वीक्स. तरुणपणी त्या प्राणिशास्त्रात संशोधन करीत होत्या. क्षयाचे चुकीचे निदान होऊन त्यांना काही महिने आरोग्यधामात काढावे लागले आणि तेथून बाहेर पडल्या त्या छातीतली धडधड बरोबर घेऊनच. आपले हृदय बिघडले आहे या भीतीत त्यांनी बराच काळ काढला. शेवटी महायुद्धावर जाऊन आलेल्या एका मित्राने सांगितले, की खंदकात आम्हा सगळ्यांचे असेच होई. तुझे हृदय धडधडते, कारण तुला त्या धडधडीचीच भीती वाटते. वीक्सबाई पुढे वैद्यकाकडे वळल्या आणि १९६२ मध्ये त्यांनी अशा रोग्यांसाठी एक पुस्तक लिहिले. भीतीला सामोरे जावे, ती आली हे मान्य करावे, तिच्याशी झुंजत न बसता तिच्यावर तरंगावे आणि वेळ जाऊ द्यावा, असा त्यांच्या उपचाराचा चार पदरी गाभा आहे.

यांतले 'तरंगणे' मला आमच्या गावच्या विहिरीमुळे चटकन समजले. पाठीला सुका भोपळा बांधून आम्ही पोहायला शिकलो. जो हातपाय झाडी, तो नाकातोंडात पाणी घेई. ज्याने अंग सैल सोडले, त्याला पाणीच उचलून धरी. धडधडीचेही तसेच आहे. 'थांब, थांब' म्हणून तिच्या मागे लागलो की ती वाढते. 'ये, धडधड हवी तेवढी. मी पोळ्या लाटते आहे,' असे म्हटले की अ‍ॅड्रिनॅलिनचा भर आपोआप ओसरू लागतो.

दिलाशाची चटक

या दुखण्यातली सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे दिलासा. नाडी पाहिली, ठीक निघाली, बरे वाटले. यजमानांना विचारले, "मला काही होणार नाही ना?" ते म्हणाले, "अगं, काही होत नाही." पुन्हा बरे वाटले. पण खरूज खाजवली की जसे क्षणभर सुख होते आणि मग आग दुप्पट होते, तसे हे दिलाशाचे सुख आहे. दर वेळी मेंदू इतकेच शिकतो, की नाडी पाहिली म्हणून वाचलो. आता पुन्हा पाहायला हवी.

आजच्या काळाने या चटकेला मोठी सोय करून दिली आहे. मनगटावरचे घड्याळ आता वेळेबरोबर ठोकेही दाखवते. गूगलवर छातीतल्या कळेचे कारण शोधू लागावे तर पाच मिनिटांत माणूस तिरडीपर्यंत पोचतो. जेरोम के. जेरोम यांच्या १८८९ च्या 'थ्री मेन इन अ बोट' या विनोदी कादंबरीतला नायक ग्रंथालयात वैद्यकाचे पुस्तक चाळतो आणि आपल्याला एक सोडून सगळे रोग झाले आहेत अशी त्याची खात्री पटते. त्याला निदान ग्रंथालयापर्यंत चालत तरी जावे लागले होते!

आमच्या घरच्या डॉक्टरांनी मला जे सांगितले ते येथे सांगण्यासारखे आहे. "वहिनी, तुमचं हृदय मी तपासलं आहे. दुधाला विरजण लावल्यावर कुणी दर पाच मिनिटांनी बोट घालून पाहतं का? पाहत बसलं तर दही लागेल कसं?" मग त्यांनी एक कागद घेतला आणि त्यावर दोन याद्या लिहून दिल्या. एकीत, काय झाले तर एक क्षणही न दवडता रुग्णालयात यायचे. दुसरीत, काय झाले तर हातातले काम चालू ठेवायचे. तो कागद आमच्या फ्रिजवर लागला. त्याचा मोठा गुण असा, की निर्णय भीतीच्या घटकेत घ्यावा लागत नाही. तो शांत वेळी, जाणत्या माणसाबरोबर बसून आधीच घेतलेला असतो.

पहिल्या यादीबद्दल कोणीही हयगय करू नये. छातीवर ओझे ठेवल्यासारखा दाब, जबडा, खांदा, पाठ किंवा हातात पसरणारी कळ, दरदरून घाम, न थांबणारी धाप, शुद्ध हरपणे, चालताना येणारी आणि थांबले की जाणारी छातीतली कळ, या गोष्टी 'मनाच्या' म्हणून घरी बसून सोसायच्या नाहीत. स्त्रिया, वयस्क माणसे आणि मधुमेही यांच्यात छातीत न दुखता केवळ धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा एवढ्यावरही झटका येऊ शकतो. आपल्या राज्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. भारतीयांना हा विकार तुलनेने कमी वयात गाठतो, तेव्हा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांची नियमाने तपासणी करावी आणि तंबाखूला घरात थारा देऊ नये. नेहमीपेक्षा निराळे, नवे काही जाणवले तर तपासून घेण्यात कमीपणा नाही. ही सगळी काळजीच आहे. पण ती वेळेवर येते आणि काम उरकून जाते. दिवसभर छातीशी बसून राहते ती निराळी.

पायरी पायरीने

माझा उपाय काही एका दिवसात झाला नाही. प्रथम ठोके मोजणारे घड्याळ कपाटात गेले आणि भिंतीवरचे घड्याळ पुरेसे ठरले. नाडी पाहण्याची ऊर्मी आली की दहा मिनिटे थांबायचे, असा नियम केला. दहाची वीस झाली, विसांचा तास झाला, आणि पुष्कळदा तासाभरात ऊर्मीच विसरून जाई. झटका आल्यासारखे वाटले की श्वास सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्यायचा. संध्याकाळनंतरचा चहा बंद झाला.

मग डॉक्टरांच्या संमतीने चालणे सुरू केले. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग बागेपर्यंत आणि शेवटी पर्वतीच्या पायथ्यापर्यंत. तेथे पहिल्या दिवशी वीस पायऱ्या चढले. छाती धडधडू लागली. मी खाली बसले नाही, नाडीही पाहिली नाही. कठड्याला टेकून शहराकडे पाहत उभी राहिले. दोन-तीन मिनिटांत धडधड आपसूक उतरली. हे माझ्या शरीराने मला स्वतः दाखवले, आणि कोणत्याही अहवालापेक्षा त्यावर माझा विश्वास अधिक बसला. लुइसची कवायत शंभर वर्षांनी पुण्यात उपयोगी पडली म्हणायची!

एवढ्याने भागले नाही तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडेही गेले. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती या दुखण्यावर चांगली चालते, आणि काहींना काही काळ औषधही लागते. मोडलेल्या हाताला प्लास्टर घालताना आपण शेजाऱ्यांना काय वाटेल याचा विचार करीत नाही. येथेही करू नये. कोठे जावे हे समजत नसेल तर सरकारची 'टेली-मानस' ही सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे, आणि तेथे मराठीतही बोलता येते.

घरच्या माणसांचे काम नाजूक आहे. थट्टा करू नये आणि दहाव्यांदा दिलासाही देऊ नये. आमच्याकडे यजमानांनी एक वाक्य शोधून काढले. मी म्हणावे, "छाती धडधडतेय." त्यांनी म्हणावे, "हो का? बरं. पिशवी घे, भाजी आणायला जाऊ." सुरुवातीला मला या वाक्याचा राग येई. पण त्यात माझे म्हणणे खोटे पाडलेले नसे, आणि धडधडीला मानाचा पाटही मांडलेला नसे. मंडईत मेथी निवडता निवडता धडधड केव्हा थांबली, हे कळतही नसे.

धडधड माझी कायमची गेली का, असे वाचक विचारतील. नाही. जागरण झाले, भावाची पुण्यतिथी जवळ आली, की ती येते. पण आता ती ओळखीच्या पाहुण्यासारखी येते, थोडा वेळ बसते आणि जाते; तिच्यासाठी मी घरातली कामे सोडून बसत नाही. मुलाने नाडी मोजणे कधीच सोडून दिले आहे. गेल्या वर्षीचा गणपती आम्ही कोकणातल्या घरीच केला.

हा लेख वाचता वाचता ज्यांची बोटे मनगटाकडे गेली असतील, त्यांना एवढेच सांगायचे आहे. तपासणी बाकी असेल तर दिवाळी उरकेपर्यंत थांबू नका. वेळ ठरवून करून घ्या. ती झाली असेल आणि निर्दोष ठरली असेल, तर तो हात मनगटावरून काढून चकलीच्या सोऱ्याला लावा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री शेजारी फटाका फुटेल तेव्हा आपल्या छातीत धस्स होणारच. घरातल्या प्रत्येकाच्या छातीत त्याच क्षणी तसेच झालेले असेल. त्यांना विचारून पाहा.